दिसायला जरा कमी आहे

वर्तमानपत्राच्या अर्थपानावर 'बैल उधळला' असं वाचलं की शेअरवाला पेढे आणायला निघतो. हेच दोन शब्द बेल्ह्यात सोमवारी सकाळी कुणी ओरडून म्हटले, तर चहाच्या गाड्यासकट अख्खा बाजार आडोशाला पळेल. शेअर बाजारानं गुरांच्या बाजारातून पुष्कळ काही उचललं, पण शेण काढायचं काम तेवढं मागे ठेवलं.

मी खरं तर शेअर दलालांच्या विनोदी दंतकथा गोळा करायला बसलो होतो. चार-पाच चांगल्या गोष्टी हाती लागल्या आणि लक्षात आलं, की त्यातल्या निम्म्या कोट घातलेल्या आहेत. कोट काढला की आत मुंडासं निघतं. म्हणून मग दलाल स्ट्रीट सोडून बेल्ह्याची वाट धरली.

बेल्हे हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाचं गाव. आळेफाट्यावरून नगरच्या दिशेला निघालं की आण्याचा घाट लागण्याआधी ते येतं. सोमवारी इथं आठवडे बाजार असतो आणि त्यातला बैलबाजार मुलखात नावाजलेला आहे. टेम्पोची फळी खाली पडते, खिल्लारं बिचकत उतरतात. कुणाची शिंगं साळून तेल लावलेली, कुणाच्या अंगावर झूल. विकत घेणारा गरजू असला तरी चेहऱ्यावर 'सहज आलो होतो' असा भाव आणतो. विकणाऱ्यालाही बैल विकायचाच नसतो, 'पोरानं हट्ट धरला म्हणून' आणलेला असतो. दोघंही खोटं बोलत असतात आणि दोघांनाही ते ठाऊक असतं.

गुरांच्या व्यापाऱ्याला आपल्याकडे हेड्या म्हणतात. हेड्याच्या गोष्टींतली माझी आवडती ही. गिऱ्हाईक जोडीतल्या एका बैलापुढे थांबतं. हेड्या म्हणतो, "पाव्हणं, बैल सोन्यासारखा हाये. खोटं कशाला बोलू, दिसायला जरा कमी हाये." गिऱ्हाईक हसतं, "दिसायचं काय घेऊन बसलात? मला काय त्याचं लगीन लावायचंय?" पैसे मोजले जातात. घरी जाताना बैल सरळ जाऊन विहिरीच्या कठड्याला धडकतो. गिऱ्हाईक तणतणत माघारी येतं. हेड्या शांतपणे सांगतो, "मी तर आधीच बोललो व्हतो."

ही गोष्ट इंग्रजी मुलखात घोड्याच्या नावावर सांगतात. पण 'दिसायला कमी' या दोन शब्दांत ती जितकी चपखल बसते, तितकी कुठं बसत असेल असं मला वाटत नाही. आणि म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी एका दमात जी सूचना वाचून टाकतात, ती तरी काय वेगळी आहे? आधीच बोललो होतो, एवढंच तिचं सार.

दुसरी गोष्ट तितकीच जुनी. शेतकरी थकलेला बैल सकाळी हेड्याला विकतो. हेड्या त्याला धुतो, शिंगं साळतो, हिंगूळ लावतो, नवी वेसण घालतो. दुपारी तोच शेतकरी 'तरणा बैल' शोधत फिरतो आणि दीडपट पैसे देऊन घेऊन जातो. संध्याकाळी कासरा सोडल्यावर बैल आपणहून गोठ्यातल्या आपल्या जुन्या जागेवर जाऊन उभा राहतो. मग बायको विचारते, "विकायला गेला होता ना?" शेअर बाजारात हे रोज घडतं, फक्त बायकोला कळत नाही.

हिचीच उलटी गोष्टही आहे. एकाची म्हैस विकली जाईना, म्हणून तो दलालाला सांगतो. दलाल चौघांपुढे असं काही वर्णन करतो, किती दूध, किती शांत, पोराबाळांनी दोहावी अशी, की मालकच म्हणतो, "इतकी चांगली हाये तर मी कशाला विकू?" आणि म्हैस घेऊन घरी जातो. शेअरचा भाव वाढू लागला की आपलाच माल ज्यांना विकवत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी रोज आरशात पाहतो.

या गोष्टी नुसत्या करमणुकीच्या नाहीत. बैलाला हमीपत्र नसतं. त्याची खोड, त्याचं आजारपण, तो मारका आहे की कामचुकार, हे दावणीला बांधल्यावरच कळतं. तोवर इसार गेलेला असतो. अशा व्यवहारात हमीचं काम गोष्ट करते. ज्यानं आंधळा बैल विकला त्याच्यामागे ती गोष्ट गावोगाव चालत जाते आणि पुढचे दहा बाजार त्याला ती ऐकावी लागते. विनोद हाच दंड. आपली भाषाही याच हमीनं भरली आहे. 'यात एक गोम आहे' म्हणतो तेव्हा आपण जनावराच्या अंगावरच्या केसांच्या त्या खुणेबद्दल बोलत असतो, जी पारखी डोळ्याला खोट वाटते. महागाईला आपण वेसणच घालतो. आणि 'धर्माची गाय अन् दात का नाय' ही म्हण तर बाजारातच जन्मली असणार.

दातांचं सांगायचं तर तिथं सगळं पंचांग आहे. दुधाचे दात असलेला तो आदत. मग जोडी-जोडीनं पक्के दात येतात, दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही आले की बैल जुळला. साधारण पाचव्या वर्षापर्यंत हा हिशेब चालतो, पुढं झीज पाहून वय काढायचं. एका शहरी पाहुण्यानं म्हणे बेल्ह्यासारख्याच एका बाजारातला एकूण एक बैल नाकारला. का, तर कुणालाच वरच्या जबड्यात पुढचे दात नव्हते! गुरांना ते नसतातच. पण तो निदान पाहून ठरवत होता, नुसतं ऐकून नव्हे, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. शेअर घेताना आपण तेवढंही करत नाही.

मग येतो रुमाल. खरा बाजार त्याच्याखाली भरतो. दोघांचे पंजे एकमेकांत, वर उपरणं किंवा टॉवेल, आणि बोटांनी भाव. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा म्हणजे पाच; शेकड्यात की हजारात, ते बैलाकडे पाहूनच दोघांना उमगलेलं असतं. मराठीत याला करपल्लवी असा देखणा शब्द आहे. हात आत बोलत असतात आणि तोंडं बाहेर भलतंच, पाऊस कसा झाला, कांद्याला काय मिळालं. मधेच एक जण झटक्यानं हात काढून घेतो, जणू इंगळी डसली. दलाल त्याचा हात पकडून पुन्हा रुमालाखाली कोंबतो. हा हात काढणं-कोंबणं हे नाटकच आहे, पण त्याच्याशिवाय सौदा झाला तर दोघांनाही रात्री झोप लागत नाही: मी जास्त दिले, मी कमी घेतले.

रुमाल कशासाठी? भाव बाहेर फुटला आणि सौदा फिसकटला, तर पुढचं गिऱ्हाईक तिथूनच सुरुवात करतं. शिवाय कमी मागितल्याचा अपमान चारचौघांत होत नाही. पण याच झाकल्या हाताखाली शेतकऱ्याला लुटताही येतं, दलाल दोन्हीकडचा होऊ शकतो. कापूस-धान्याच्या बाजारातल्या या आडपडद्यावर इंग्रजी अमदानीतच बोट ठेवलं गेलं. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, १९२८ मध्ये शाही कृषी आयोगानं नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. लिलाव उघडा झाला. बैलापुरता रुमाल मात्र राहिला.

मुंबईतही हातच बोलत होते. १८५० च्या दशकात टाऊन हॉलजवळ वडाच्या झाडाखाली दलाल जमायचे. १८७५ मध्ये त्यांनी रीतसर संघ काढला आणि पुढं १९९५ मध्ये संगणक येईपर्यंत शेअर बाजाराच्या रिंगणात आरडाओरडा आणि बोटांच्या खुणा चालल्या. बेल्ह्याशी फरक इतकाच, की तिथं रुमाल नव्हता.

या दोन बाजारांना जोडणारा एक जिवंत माणूसही होऊन गेला, तोही न्यूयॉर्कमध्ये. डॅनियल ड्रू, जन्म १७९७. तरुणपणी तो गुरांचे कळप हाकून शहरात विकायचा. दंतकथा अशी, की बाजार जवळ आला की तो गुरांना भरपूर मीठ चारायचा आणि ऐन वजनाआधी पोटभर पाणी पाजायचा. वजन फुगायचं आणि खाटीक पाण्याचे पैसे मोजायचा. हाच ड्रू पुढं वॉल स्ट्रीटवर गेला आणि १८६८ च्या ईरी रेल्वेच्या लढाईत त्यानं व त्याच्या साथीदारांनी कोऱ्या शेअरचे गठ्ठे छापून प्रतिस्पर्धी व्हँडरबिल्टच्या गळ्यात मारले. मालमत्ता तेवढीच ठेवून फुगवलेल्या भांडवलाला तिकडं 'पाणी पाजलेला स्टॉक' म्हणतात, आणि त्या शब्दाचं श्रेय ड्रूच्या गुरांना दिलं जातं. इंग्रजीत स्टॉक म्हणजे गुरंही आणि शेअरही. ड्रूनं दोन्हींना एकाच हौदावर नेलं. शेवटी १८७६ मध्ये तो दिवाळखोर झाला. आपल्याकडचा हेड्या यावर एवढंच म्हणेल, की मीठ जास्त झालं.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून. 'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' ही म्हण वायदेबाजाराला जशी लागू पडते तशी कशालाच नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ मध्ये मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर कंपन्यांचं पीक आलं. सगळ्यांत गाजली बॅकबे भराव कंपनी. समुद्र हटवून जमीन काढायची होती. जमीन अजून पाण्यात होती आणि शेअर मात्र बाहेर ५,००० वरून ५०,००० च्या घरात गेला होता. युद्ध संपलं, कापूस कोसळला, १ जुलै १८६५ ला वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली आणि म्हैस काही वर आली नाही.

तेजीचा बैल कळला, पण मंदीच्या अस्वलाचं कोडं मला जुन्नरमध्ये उलगडलं नाही. लंडनच्या बाजारात अस्वल मारण्याआधी कातडं विकणाऱ्यांवरून मंदडियांना ते नाव पडलं म्हणतात. शब्द जुन्नरकरांनी घडवले असते, तर खाली ओढणाऱ्या जनावराच्या जागी बिबट्याच आला असता. तो इथं उसाच्या फडात राहतो, माणिकडोहला त्याचं निवारा केंद्र आहे, आणि तो नेमका कधी येईल हे कुणालाही सांगता येत नाही. मंदीचं यापेक्षा नेमकं वर्णन कुठलं?

दलाल स्ट्रीटवरचा काशाचा बैल आपल्याच मुलखातला, सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवलेला. तो जानेवारी २००८ मध्ये बसवला. त्याच महिन्यात सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला होता; २१ तारखेला एका दिवसात १,४०८ अंश पडला आणि वर्ष संपताना १०,००० च्याही खाली होता. बैलाचं तोंड चुकीच्या दिशेला आहे, अशी कुजबुज दलालांत सुरू झाली. अमेरिकेतल्या घरकर्जांचं गणित कोण समजावून घेतो? बेल्ह्यात याला साधा शब्द आहे: बैल लाभला नाही.

लाभलेल्यांच्याही गोष्टी आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलगाडा शर्यती बंद झाल्या. गाड्याचा बैल औताला फारसा कामाचा नाही, तरी जुन्नर-आंबेगावातल्या कैक घरांनी त्याला खुराक चालू ठेवला. लोक हसायचे. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं, आणि चपळ बैलांची बोली लाखांत जाऊ लागली. शेअर बाजारातले पंडित 'दीर्घ मुदतीची गुंतवणूक' म्हणून जे शिकवतात, ते या माणसांनी पेंड चारून केलं.

आता जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, आणि तो नसेल तर बाजारात विक्रीला मनाई आहे. कागदी शेअर गेले आणि डिमॅट आलं, तसंच हे. शिंगं साळून, रंग लावून तोच बैल त्याच मालकाला विकायची सोय त्यामुळे संपली. ती गोष्ट आता जुन्या काळची म्हणून सांगावी लागेल. पण बिल्ल्यावर आकडे असतात, नजर नसते. म्हणून आंधळ्या बैलाची गोष्ट अजून चालू आहे. हेड्या ती स्वतःच रंगवून सांगतो, सगळे हसतात, आणि मग तो आपल्या बैलाच्या डोळ्यांपुढून सर्रकन हात फिरवतो. बैल पापणी मिटतो. "बघा, माझा तसला नाय."

बाजूला तंबाखू मळत बसलेला म्हातारा मान वर न करता म्हणतो, "हात जरा लांबनं फिरव. वाऱ्यानं आंधळ्याचीबी मिटती."