पाचट जाळू नका, हे सांगायचं कोणी?

हवामान आणि आपलं शिवार : भाग 7

गेल्या भागात आपण जमिनीतल्या सेंद्रिय कर्बाचा हिशेब मांडला. आता तो हिशेब शेतकऱ्यापर्यंत पोचवायचा कोणी, हा प्रश्न. याला जनसंपर्क म्हणतात. बातमी छापून आणणं किंवा फलक लावणं एवढाच त्याचा अर्थ आपण धरून बसलो आहोत, आणि हवामानाच्या कामात त्याची किंमत आपल्याला मोजावी लागते.

बारामती आणि इंदापूरच्या बागायत पट्ट्यात, नीरा डाव्या कालव्याखाली, ऊस तुटून गेला की संध्याकाळी ठिकठिकाणी धूर दिसतो. पाचटाला काडी लागलेली असते. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट, म्हणजे खोडव्याचं घरचं खत आणि ओल धरून ठेवणारं पांघरूण. त्यातला कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे निघून जातो, मागे राख उरते. जाळू नका, हे कृषी खातं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. तरी धूर थांबत नाही, कारण जाळणाऱ्याकडे त्याची कारणं असतात. सरीत पाचट पडलं की पाणी पुढं सरकत नाही. फुटवे दबतात. उंदीर होतात, साप निघतो. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही.

यातलं एकही कारण खोटं नाही. जनसंपर्काचं खरं काम या कारणांपासून सुरू होतं. आधी ऐकायचं, मग उत्तर द्यायचं. आणि उत्तरं आहेत. बुडख्यावरचं पाचट बाजूला सारून सरीत घ्यायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, म्हणजे फुटवा जोमानं येतो. हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचं. एक आड एक सरीत पाचट ठेवलं तर दुसरी सरी पाण्याला मोकळी राहते. पाचटाची कुट्टी करणारं यंत्र गावात भाड्यानं मिळालं, तर मजुराचा प्रश्नही हलका होतो. या सगळ्यात ‘हवामान बदल’ हा शब्द एकदाही आला नाही, आणि तो यायलाच हवा असंही नाही. पाण्याची एखादी पाळी वाचली हे शेतकऱ्याला पुरेसं असतं.

हे सांगायला सर्वांत योग्य माणूस कोण? माझ्या मते कारखान्याचा चिटबॉय. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, असे सहकारी कारखाने याच पट्ट्यात आहेत. लागणीची नोंद घ्यायला आणि तोडीचा कार्यक्रम सांगायला चिटबॉय बांधावर जातोच. कोणाचा खोडवा कसा आहे, कोणाची मोटार बंद आहे, हे त्याला ठाऊक असतं. हंगामागून हंगाम भेटणाऱ्या माणसाच्या शब्दाला जे वजन असतं, ते फलकाला कसं येणार?

शब्दाला पुरावाही लागतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं ‘कृषिक’ प्रदर्शन जानेवारीत भरतं, तेव्हा तिथं उभी पिकं दाखवतात. शेतकरी वाकून माती हातात घेतो, सोबतच्याशी हुज्जत घालतो, मग घरी जातो. विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी 90.4 एफएमवर बोलते, तीही इथल्याच भाषेत. 2025 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी याच ट्रस्टच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या ऊसशेतीबद्दल समाजमाध्यमावर लिहिलं, इलॉन मस्क यांनी त्याला दुजोरा दिला, आणि बारामतीचं नाव एका दिवसात जगभर झालं. मला त्याचा आनंद आहे. पण ती बातमी एका दिवसाची होती आणि उसाला वर्षभर लागतं. शेजाऱ्याच्या काट्यावरचं वजन पाहिल्याशिवाय दुसरा शेतकरी हलणार नाही, आणि त्यानं हलूही नये.

प्रसिद्धी कामाच्या पुढे धावू लागली की काय होतं, हे जगानं पाहिलं आहे. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द घराघरात नेण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता. जबाबदारी तेल विकणाऱ्याकडून वापरणाऱ्याकडे अलगद सरकली. भारतात ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा फसव्या हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘पर्यावरणपूरक’ म्हणायचं तर आता पुरावा दाखवावा लागतो.

शब्दानं नुकसान होतं तसं भलंही होतं. इंदापूरची कडबनवाडी आणि बारामतीची शिर्सुफळ इथली माळरानं लोकांच्या लेखी ‘पडीक’ होती. पडीक म्हटलं की तिथं खड्डे खणून रोपं लावावीत, फोटो काढावा, असंच कोणालाही वाटणार. प्रत्यक्षात ते चिंकारा आणि लांडग्याचं घर आहे, आणि गवत आपला कर्ब जमिनीखाली मुळांशी साठवतं. वन विभागानं इथं गवताळ सफारी सुरू केली, तेव्हा माळ पाहायला माणसं पैसे देऊन येऊ लागली. धनगर ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कुरण म्हणत आले, ते शहरातल्या माणसालाही दिसू लागलं.

पुढच्या आठवड्यात उजनीच्या काठावर जाऊ. भिगवणजवळच्या कुंभारगावात मच्छीमार आपल्या होडीतून रोहित पक्षी दाखवतात, त्यांच्याकडून पाण्याची गोष्ट ऐकू.