सायडर व्हिनेगर : बाटलीतलं आम्ल काय करतं, काय करत नाही

पोट उतरवण्यापासून कुत्र्याच्या गोचिडी घालवण्यापर्यंत सगळ्याला एकच उपाय सांगितला जातो. त्यातलं किती टिकतं?

पनवेलच्या औषधाच्या दुकानात हल्ली मध आणि च्यवनप्राश यांच्या शेजारी तांबूस पाण्याची एक बाटली दिसते : ॲपल सायडर व्हिनेगर. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या गुणांची यादी फिरत असते. पोट उतरतं, साखर आटोक्यात येते, गजकर्ण जातं, कोंडा जातो, कुत्र्याच्या गोचिडीसुद्धा गळतात. एकच बाटली एवढं सगळं करत असेल, तर बाकीचं दुकान मांडलंय कशाला?

खरं-खोटं निवडायचं तर आधी बाटलीत काय आहे ते बघावं. सफरचंदाच्या रसातल्या साखरेचं यीस्ट मद्य करतं. मग ॲसिटोबॅक्टर गटातले जीवाणू हवेतल्या प्राणवायूच्या मदतीनं त्या मद्याचं ॲसेटिक आम्ल बनवतात. शेवटी उरतं ते साधारण ५ टक्के आम्ल असलेलं पाणी. तळाशी दिसणारी गढूळ ‘मदर’ म्हणजे या जीवाणूंनी विणलेलं सेल्युलोजचं जाळं. व्हिनेगर गाळलेलं नाही, एवढंच त्यावरून कळतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे आंबवून केलेल्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के आम्ल लागतं. नुसतं ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेलं असेल, तर लेबलावर ‘सिंथेटिक’ असं छापावं लागतं. म्हणजे प्रत्येक दाव्याला प्रश्न एकच विचारायचा : हे काम सौम्य आम्लाला जमणारं आहे का?

सफरचंदच का?

आंबवलेलं औषध पनवेलला नवं नाही. १८७२ साली इथेच सुरू झालेली ‘श्री धूतपापेश्वर’ आयुर्वेदिक औषधांसाठी महाराष्ट्रभर ओळखली जाते. आसवं आणि अरिष्टं ही आयुर्वेदातली आंबवूनच केलेली औषधं, आणि कांजी व शुक्त हे आंबट प्रकारही त्याच शास्त्रातले. पण वैद्य ते देताना मात्रा सांगतो, कशाबरोबर घ्यायचं ते सांगतो आणि कोणी घेऊ नये तेही सांगतो. बाटलीबरोबर फिरणाऱ्या मेसेजमध्ये नेमकं हेच गळालेलं असतं.

सफरचंदाच्या व्हिनेगरचा बोलबाला मुख्यतः अमेरिकेतून आला. व्हरमाँट राज्यातले डॉक्टर डी. सी. जार्व्हिस यांनी १९५८ साली ‘फोक मेडिसिन’ या पुस्तकात मध आणि सायडर व्हिनेगरचा पुरस्कार केला आणि ते पुस्तक तुफान खपलं. त्यांच्या मुलखात सफरचंदं मुबलक होती. कोकणात दवाखाना थाटला असता, तर त्यांनी कदाचित कोकमाचे गोडवे गायले असते. गोव्यात माडीपासून करतात त्या व्हिनेगरमध्येही मुख्य घटक ॲसेटिक आम्लच आहे.

साखर आणि वजन

सगळ्यात दमदार पुरावा आहे तो जेवणानंतरच्या साखरेबद्दल. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या कॅरल जॉन्स्टन यांनी २००४ साली एका छोट्या प्रयोगात काहींना पिष्टमय जेवणाआधी पातळ केलेलं सायडर व्हिनेगर दिलं. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नव्हतं, त्यांची जेवणानंतरची साखर कमी चढली. यामागचं एक कारण म्हणजे आम्लामुळे पोट हळू रिकामं होतं, हे असावं. पण हीच गोष्ट काहींच्या मुळावर येते. जुन्या मधुमेहात जठराची हालचाल आधीच मंदावलेली असू शकते. स्वीडनमधल्या २००७ च्या एका छोट्या अभ्यासात अशा रुग्णांचं पोट व्हिनेगरनं आणखी सुस्तावलं. इन्सुलिन टोचून घेणाऱ्याचं जेवण उशिरा पचलं, तर साखर नको तेव्हा खाली जाते.

वजनाची गोष्ट अधिक पातळ आहे. २००९ साली जपानमध्ये स्थूल प्रौढांना १२ आठवडे रोज १५ किंवा ३० मिली व्हिनेगर दिलं. वजन उतरलं ते एक-दोन किलो, आणि व्हिनेगर थांबल्यावर ते पुन्हा चढू लागलं. २०२४ साली लेबनॉनमधल्या तरुणांवरच्या एका अभ्यासानं भरघोस वजनघट दाखवली आणि जगभर बातम्या झाल्या. त्यातल्या आकडेवारीवर प्रश्न उठले आणि २०२५ साली तो छापणाऱ्या बीएमजे समूहानं शोधनिबंध मागे घेतला. ती बातमी मात्र ग्रुपवर कोणी पुढे पाठवली नाही.

दात, घसा, कातडी

व्हिनेगरचा सामू साधारण २.५ ते ३ असतो. दाताचं एनॅमल सामू ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागतं. ज्याला घ्यायचंच आहे त्यानं एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात मिसळून जेवणाबरोबर घ्यावं, नंतर चूळ भरावी आणि अर्धा तास ब्रश करू नये. न मिसळता घशाखाली घातलं तर अन्ननलिका भाजू शकते. रोज भरमसाट प्यायल्यानं रक्तातलं पोटॅशियम घसरल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नये.

पावसाळ्यात जांघेत आणि काखेत गजकर्ण उठतं तेव्हा कापसाचा बोळा भिजवून तिथे बांधण्याचा सल्ला मिळतो. बांधून ठेवलेलं आम्ल त्वचा जाळतं. तीळ आणि चामखीळ काढायला गेलेल्यांची कातडी भाजल्याच्या नोंदीही आहेत. इसबावर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात अगदी पातळ द्रावणाचा प्रयोग २०१९ साली झाला. त्वचेचं संरक्षण सुधारलं नाही, उलट बहुतेकांना चुरचुर झाली.

मुक्या जनावरांवर प्रयोग

माणूस चुरचुरलं की सांगतो, कुत्रा अंग चाटत बसतो. व्हिनेगर फवारल्यानं गोचीड मरत नाही. वासानं ती थोडी दूर राहील या आशेवर राहणं महागात पडतं, कारण आपल्याकडची तपकिरी गोचीड एर्लिकियासारखा ताप पसरवते. त्यात रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात आणि उशीर झाला तर कुत्रा दगावतो. गोचिडीसाठी मानेवर सोडायचं औषध किंवा गोळी पशुवैद्य वजन बघून देतात. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नये. काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.

कानाचं प्रकरण थोडं वेगळं आहे. दमट हवेत लोंबत्या कानांच्या कुत्र्यांच्या कानात बुरशी वाढते आणि पशुवैद्य वापरतात त्या काही कर्णस्वच्छकांत ॲसेटिक आम्ल असतंही. पण ते मोजून घातलेलं असतं आणि कानाचा पडदा शाबूत आहे हे आधी तपासलेलं असतं. फाटलेल्या पडद्यातून आम्ल आत गेलं तर इजा होते. लघवीच्या तक्रारीवर पाण्यात व्हिनेगर घालणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं : काही खडे अल्कधर्मी लघवीत होतात, तर कॅल्शियम ऑक्झलेटचे आम्लधर्मी लघवीत. तपासणीशिवाय कोणते खडे आहेत ते कळत नाही. परसात कोंबड्या पाळणारे त्यांच्या पाण्यात व्हिनेगर घालतात. ते जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात घालू नये, कारण आम्लानं जस्त पाण्यात उतरतं.

व्हिनेगरचं खरं वैद्यकीय काम

व्हिनेगरनं आपल्याकडे खरोखर जीव वाचवले आहेत, पण पिऊन नव्हे. मुंबईतल्या टाटा स्मारक रुग्णालयातले डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. तपासणीच्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला ॲसेटिक आम्लाचं पातळ द्रावण लावत. बिघडलेल्या पेशी मिनिटाभरात पांढऱ्या दिसतात आणि दिव्याच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. या तपासणीमुळे त्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१३ साली शिकागोच्या परिषदेत जाहीर झालं. पुढे २०१६ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी तिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी दर ५ वर्षांनी हीच तपासणी सुचवली. तिथे आम्लाकडून रोग बरा करण्याची अपेक्षा नव्हती, बिघाड दिसावा एवढंच हवं होतं. त्यासाठी ताजं, मोजून केलेलं द्रावण आणि शिकलेला हात लागतो. घरच्या बाटलीनं ही तपासणी करू नये.

घरात या बाटलीला काम आहे : कोशिंबिरीत घाला, कांदा मुरवा, किटलीतला क्षाराचा थर काढा. शहाबादी फरशी आणि संगमरवर मात्र जपा, कारण आम्ल चुनखडी खातं. ब्लीचबरोबर कधी मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. मधुमेहाची गोळी, गोचिडीचं औषध आणि त्वचेचे डॉक्टर यांची जागा तिला देऊ नका. आणि घरातल्या तिशी ओलांडलेल्या बाईची गर्भाशयमुखाची तपासणी झाली नसेल, तर या आठवड्यात जवळच्या सरकारी रुग्णालयात त्या तपासणीची चौकशी करा.