एका गुणाचे मोल

मुळशी आणि खडकवासला हे जलाशय पुणेकरांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पावसाळ्यात आपण तेथे सहकुटुंब जातो, भाजलेली कणसे खातो, छायाचित्रे काढतो आणि परततो. खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवायला शिकतात, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. या छोट्या होडीच्या बळावर एखादा तरुण ऑलिंपिकपर्यंत कसा पोहोचतो, हे भारतीय भूदलातील सुभेदार विष्णू सरवणन याच्या वाटचालीवरून समजते.

विष्णूचा जन्म १९९९ मधला, वेल्लोरचा. वडील लष्करात होते आणि स्वतः शिडाची होडी चालवीत असत. त्यामुळे या खेळाची ओळख त्याला घरातूनच झाली. त्याची जडणघडण झाली ती आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या आर्मी यॉटिंग नोड या लष्करी केंद्रात. २०१९ मध्ये क्रोएशियातील स्प्लिट येथे झालेल्या २१ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले. एप्रिल २०२१ मध्ये ओमानमधील पात्रता स्पर्धेतून तो टोकियो ऑलिंपिकसाठी निवडला गेला.

त्याच्या होडीचे नाव ‘आयएलसीए ७’. पूर्वी तिला ‘लेझर’ म्हणत. लांबी सुमारे सव्वाचार मीटर, शीड एक आणि खलाशीही एकच. वारा जोराचा असेल तेव्हा पायपट्ट्यात पाय अडकवून सारे शरीर होडीबाहेर झोकून द्यावे लागते, तेव्हा कोठे होडीचा तोल राहतो. वाऱ्याच्या थेट विरुद्ध दिशेने जाता येत नाही. नागमोडी वळणे घेत पुढे सरकावे लागते. या होडीची एक गोष्ट पालकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. किशोर, तरुण आणि प्रौढ खेळाडू यांच्यासाठी होडीचा सांगाडा एकच असतो; वजन आणि ताकद वाढेल तसे शीड तेवढे बदलते : आधी ४.७ चौरस मीटरचे, मग पावणेसहाचे आणि अखेरीस सातचे. वयाआधी मोठे शीड हाती देण्याची घाई येथे कोणी करीत नाही.

या खेळाचा हिशेबही निराळा आहे. पहिल्या क्रमांकाला एक गुण, दहाव्याला दहा. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. अनेक फेऱ्यांपैकी सर्वांत वाईट फेरी वगळली जाते. म्हणजे एक चूक माफ होते, दुसरी मात्र खात्यावर राहते. आयुष्यभर बँकेत खातेवह्या तपासलेल्या मला ही पद्धत फार पटते. एका दिवसाच्या चमकदार यशापेक्षा येथे सातत्याला अधिक किंमत आहे.

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत हे ठळकपणे दिसले. विष्णूच्या नावावर ३४ गुण होते, तर कोरियाच्या हा जीमिनचे ३३. केवळ एका गुणाने रौप्यपदक हुकले आणि कांस्यपदक हाती आले. विष्णू तेवढ्यावर थांबला नाही. जानेवारी २०२४ मध्ये ॲडलेड येथील जागतिक स्पर्धेतून त्याने पॅरिसचे स्थान मिळविले. टोकियोत ३५ स्पर्धकांत तो विसावा होता. पॅरिसमध्ये ४३ स्पर्धकांत अठरावा आला. ही प्रगती पदकतालिकेत दिसत नाही. पण जाणकाराला तिचे मोल कळते.

असा खेळ एकट्या कुटुंबाला सहसा पेलत नाही. परदेशातील सराव, प्रवास आणि प्रशिक्षक यांचा खर्च मोठा असतो. विष्णूच्या पाठीशी लष्कर उभे राहिले आणि नोकरीची शाश्वतीही मिळाली. हांगझोऊमध्येच रौप्यपदक जिंकणारी सतरा वर्षांची नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी. ती भोपाळमधील प्रशिक्षण केंद्रात घडली, आणि भोपाळला समुद्र नाही, तलाव आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या श्वेता शेर्वेगार हिने वर्षा गौतमच्या साथीने रौप्यपदक पटकाविले होते.

आपल्याकडे पाण्याची वाण नाही. मुलाने वा मुलीने वेगळ्या खेळाची इच्छा व्यक्त केली, तर ‘यात पुढे काय?’ हा प्रश्न पालकांनी अवश्य विचारावा. तो योग्यच आहे. मात्र उत्तर शोधण्यापूर्वीच नकार देऊ नये. चांगली संस्था, पोहण्याची पक्की तयारी, शिक्षणाची जोड आणि आठ-दहा वर्षांचा धीर एवढी पुंजी असेल, तर पुढचे अंतर वारा आणि मूल मिळून कापतील.