उंची कमी, विजेतेपदं बारा

१९४९ साली बास्केटबॉलमध्ये युरोपचा विजेता कोण होता? प्रश्नमंजूषेत हा प्रश्न आला तर भलेभले चुकतील, कारण उत्तर आहे इजिप्त. १९४७ ची युरोपीय स्पर्धा सोव्हिएत संघाने जिंकली होती, पण पुढची भरवायला ते तयार नव्हते. उपविजेत्या चेकोस्लोव्हाकियानेही अंग काढून घेतलं. मग तिसऱ्या आलेल्या इजिप्तवर यजमानपद आलं आणि युरोपची स्पर्धा चक्क कैरोत भरली. जमले सातच संघ, त्यांतही सीरिया आणि लेबनॉन. फ्रान्स आणि ग्रीसला मागे टाकून यजमानांनी सुवर्ण नेलं. आफ्रिकेतल्या संघांसाठी तेव्हा खंडाची स्पर्धाच नव्हती, म्हणून इजिप्त युरोपच्या पंगतीला बसत होता.

स्वतःची पंगत मांडली गेली १९६२ मध्ये, पुन्हा कैरोतच. आज जिला आफ्रोबास्केट म्हणतात ती ही स्पर्धा. पहिल्या वेळी आले अवघे पाच संघ. यजमान संयुक्त अरब प्रजासत्ताक या नावाने खेळले आणि जिंकले. (सीरिया त्या प्रजासत्ताकातून आदल्याच वर्षी बाहेर पडला होता, इजिप्तने नाव तेवढं ठेवलं होतं.) तेव्हापासून २०२५ पर्यंत एकतीस स्पर्धा झाल्या. खंडात पन्नासहून जास्त देश, पण करंडक उचलला फक्त आठांनी. इजिप्त आणि सेनेगल पाच-पाच वेळा, ट्युनिशिया तीनदा, आयव्हरी कोस्ट दोनदा, मोरोक्को आणि नायजेरिया एकेकदा.

दोनदा जिंकणारा आणखी एक देश आहे, आणि त्याच्यापाशी मी दर वेळी अडखळतो: मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. नकाशात खंडाच्या मधोमध, समुद्र कुठल्याच बाजूला नाही, जगातल्या सर्वांत गरीब देशांत गणना. या देशाने १९७४ मध्ये राजधानी बांगीत आणि १९८७ मध्ये ट्युनिसमध्ये विजेतेपद मिळवलं. दुसऱ्या विजयाने त्यांना १९८८ च्या सोल ऑलिंपिकचं तिकीट मिळालं. त्या संघातल्या अनिसे लाव्होद्रामाला १९८५ मध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या लॉस एंजेलिस क्लिपर्सने निवडलंही होतं. तो एनबीएत खेळला मात्र नाही, त्याची कारकीर्द घडली स्पेनमध्ये.

उरलेली विजेतेपदं बारा, आणि ती सगळी एकाच देशाची आहेत: अंगोला.

गोव्यातून पोर्तुगीज गेले १९६१ मध्ये. त्याच वर्षी अंगोलात त्यांच्याविरुद्ध सशस्त्र लढा पेटला, पण तिथून ते हलायला १९७५ उजाडलं. स्वातंत्र्य आलं आणि त्याच्या हातात हात घालून यादवी युद्धही आलं. मधे काही तह झाले, मोडले. शेवट झाला २००२ मध्ये. सत्तावीस वर्षं, लाखो बळी, शेतांत पेरलेले भूसुरुंग. आता या तारखांशेजारी आफ्रोबास्केटच्या तारखा ठेवून पाहा. अंगोलाने पहिलं विजेतेपद १९८९ मध्ये लुआंडात मिळवलं; मग १९९२, १९९३, १९९५, १९९९, २००१. म्हणजे बारांतली सहा विजेतेपदं युद्ध संपायच्या आतली! १९८९ ते २००९ या काळात अकरा स्पर्धा झाल्या आणि अंगोलाने दहा जिंकल्या. मधे १९९७ ची काय ती सेनेगलने हिसकावली.

याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे हा संघ काही ताडमाड नव्हता. सेनेगल, नायजेरिया, माली यांच्याकडे एकाहून एक उंच खेळाडू. अंगोलाचा त्या काळचा सर्वांत मोठा तारा जाँ-जाक कॉन्सेसाँ दोन मीटरच्या थोडा वर, आणि बाकीचे बरेच त्याहून खाली. मग जमलं कसं?

एक उत्तर कोर्टावर आखलेल्या रेषेत आहे. १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलने रिंगपासून सव्वासहा मीटरवर तीन गुणांची रेषा आखली. त्याआधी कुठूनही टाका, गुण दोनच. त्यामुळे रिंगखाली उभा राहणारा उंच माणूस हाच राजा. रेषा आली आणि त्याच्यापुढे पेच पडला. बाहेरच्या नेमबाजाला अडवायला पुढे यावं, तर मागे रिंग मोकळी. जागा धरून राहावं, तर डोक्यावरून तीन गुण. अंगोलाने या पेचावरच खेळ उभारला. बाहेरून नेम, वेगवान पासेस आणि बचावात समोरच्याला चेंडू नीट पुढे आणूच न देणारा प्रेस. प्रशिक्षक व्हिक्टोरिनो कुन्या यांच्या हाताखाली पहिली तीन विजेतेपदं आली.

दुसरं उत्तर जास्त व्यवहारी आहे. लुआंडातले मोठे क्लब म्हणजे प्रिमेरू द आगोश्टू लष्कराचा, इंटरक्लब पोलिसांचा, पेट्रो सरकारी तेल कंपनीचा. देश जळत असताना पैसा आणि शिस्त ज्यांच्यापाशी होती, त्यांच्याच छत्राखाली खेळाडू वर्षभर एकमेकांविरुद्ध खेळायचे आणि राष्ट्रीय संघासाठी एकत्र यायचे. परदेशी क्लबच्या परवानगीची वाट बघत बसायला नको. हे सगळं फार उदात्त होतं असं कुणी समजू नये. लष्कराच्या पैशावर पोसलेला खेळ होता तो. पण संघ मोडत नव्हता, हे खरं.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये या संघाची गाठ अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’शी पडली. जगाला त्या सामन्यातलं एकच आठवतं: अमेरिकेच्या चार्ल्स बार्कलीने अंगोलाच्या एर्लांडर कोइम्ब्राच्या छातीत मारलेलं कोपर. ७-७ अशी बरोबरी असताना अमेरिकेने ४६ गुण केले आणि तेवढ्यात अंगोलाचा झाला एक. तोही त्याच कोपराबद्दल मिळालेल्या फ्री थ्रोवर. शेवट ११६-४८. पण त्याच ऑलिंपिकमध्ये अंगोलाने यजमान स्पेनला त्यांच्याच घरात ८३-६३ असं हरवलं. वीस गुणांनी! कोपराची चित्रफीत लाखोंनी पाहिली असेल, स्पेनच्या पराभवाची आठवण मात्र कुणी काढत नाही. स्पॅनिश माणसं सोडून.

आणि आफ्रिकेचे खरे महाकाय? ते बहुतेक दुसरीकडे असतात. जोएल एम्बीड जन्मला कॅमेरूनच्या याऊंडेत, ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं अमेरिकेकडून. यानिस अँटेटोकुम्पोचे आईवडील नायजेरियाचे, तो खेळतो ग्रीसकडून. नायजेरियाचीच २०२१ मधली कथा घ्या. जुलैत लास व्हेगासच्या सराव सामन्यात त्यांनी अमेरिकेला ९०-८७ ने हरवलं. आफ्रिकेतल्या कोणत्याही संघाने हे आधी केलेलं नव्हतं. ऑगस्ट संपता संपता रवांडाच्या किगालीत आफ्रोबास्केट सुरू झालं तेव्हा त्या संघातली एनबीएची मंडळी नव्हती, आणि नायजेरियाला उपांत्यपूर्व फेरीआधीच घरी पाठवलं युगांडाने.

त्याच किगालीत पहिल्यांदा खेळायला आलेला एक संघ होता दक्षिण सुदान. देश २०११ मध्ये जन्मलेला, आंतरराष्ट्रीय खेळात पाऊल २०१३ मध्ये. एनबीए गाजवलेला लुओल डेंग महासंघाचा अध्यक्ष, आणि खर्चाला खिसाही बराचसा त्याचाच. घरी बंदिस्त कोर्ट नाही, सराव उघड्यावरच्या सिमेंटवर. पदार्पणातच ते उपांत्यपूर्व फेरीत पोचले. तीन वर्षांनी लंडनच्या सराव सामन्यात अमेरिका त्यांच्याविरुद्ध कशीबशी १०१-१०० अशी सुटली. मग पॅरिस ऑलिंपिकच्या पहिल्याच सामन्याआधी त्यांच्यासाठी भलत्याच देशाचं, ज्याच्यापासून वेगळे व्हायला ते दशकानुदशकं लढले त्या सुदानचं राष्ट्रगीत वाजवलं गेलं. ते उभे राहिले, चूक दुरुस्त होईपर्यंत थांबले आणि पोर्टो रिकोला हरवून कोर्टाबाहेर आले.

पूर्वी बहुधा दर दोन वर्षांनी होणारं आफ्रोबास्केट आता चार वर्षांनी येतं. २०२५ चं यजमानपद अंगोलाकडे होतं. काही सामने लुआंडात, काही दक्षिणेला वाळवंटाच्या कडेवरच्या मोसामेदिश शहरात. तिथल्या क्रीडागृहाचं नाव आहे वेल्विचिया मिराबिलिस. नामिब वाळवंटातली ही वनस्पती शेकडो वर्षं जगते आणि जन्मभरात तिला पानं असतात दोनच. तीच वाढत, फाटत, वाऱ्याने पिंजत राहतात. क्रीडागृहाला पुढाऱ्याऐवजी झुडपाचं नाव देणारं शहर मला आवडलंच.

अंगोलाला २०१३ नंतर करंडकाने हुलकावणीच दिली होती. या वेळी अंतिम सामन्यात समोर होता माली, पहिल्यांदाच तिथवर आलेला. निकाल ७०-४३. आजच्या बास्केटबॉलमध्ये ४३ म्हणजे समोरच्याला श्वासच घेऊ न देणं. प्रेसची जुनी विद्या विसरलेली नव्हती तर. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला पॉइंट गार्ड चिल्डे डुंडाऊ. तो पेट्रोचा, लुआंडाच्याच क्लबचा. उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या पुढे.