माळावरची दुर्बीण : लहान कीं मोठी ?



पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे पाटस मागें पडल्यावर थोड्याच वेळांत कुरकुंभ गांव लागतें. येथून एक रस्ता उत्तरेस दौंडला जातो व दुसरा दक्षिणेस बारामतीकडे वळतो. मोटारींतून जाणाऱ्याच्या लक्षांत राहतात ते फिरंगाई देवीचें देवस्थान आणि औद्योगिक वसाहतींतील रसायनांचे कारखाने. परंतु वाहन सोडून बारामतीच्या बाजूस थोडी पायपीट केली, तर मुरमाड जमिनीचा, कुसळी गवताचा आणि बोरी-बाभळींच्या झुडुपांचा उघडा माळ दृष्टीस पडतो. आपण ज्याला ओसाड म्हणून हिणवितों, त्याच माळावर चिंकारा चरतो, खोकड बीळ करून राहतें, धाविक पक्षी तुरुतुरु धांवतो आणि दिवस कलला म्हणजे लांडगा फिरावयास निघतो.

एके काळीं अशा माळांवर लोक बंदुका घेऊन येत. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती शिकार बंद झाली. चिंकारा, काळवीट आणि लांडगा या तिघांनाही त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचें संरक्षण आहे. पुढें १९९७ सालीं बारामती तालुक्यांत सुप्यानजीक मयूरेश्वर अभयारण्य घोषित झालें. त्याचें क्षेत्र अवघें पांच चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे, पण चिंकाऱ्यांना तेवढाही आसरा मोलाचा आहे. अशा रीतीनें शिकाऱ्याच्या हातची बंदूक गेली, तरी त्याच्या गळ्यांतील दुर्बीण मात्र मागें राहिली. आज ती हौशी निसर्गप्रेमी कुटुंबांच्या हातीं आली आहे. पुष्कळ स्नेही मला विचारतात, "खिशांत मावणारी लहान दुर्बीण घ्यावी, कीं गळा ओढणारी मोठी ?" प्रश्न सोयीचा दिसतो. पण त्याच्या उत्तरावर एखाद्या लांडगीचें बिऱ्हाड राहणें न राहणें अवलंबून असूं शकतें, हें मी चूक करून शिकलों.

हिवाळ्याचे दिवस होते. माझ्या खिशांत त्या वेळीं एक सुबक, हलकी दुर्बीण होती आणि तिचा मला अभिमान होता. कुरकुंभच्या दक्षिणेस एका ओढ्याच्या दरडींत लांडगीनें पिल्लें घातलीं होतीं. ही गोष्ट मला तेथील एका वृद्ध मेंढपाळाकडून कळली. आम्ही सारे त्यांना आबा म्हणत असूं. आबांनीं मला दूरच्या एका उंचवट्यावर बसविलें आणि बजावलें, "दादा, हितनं पुढं जायचं न्हाई." ऊन होतें तोंपर्यंत माझ्या दुर्बिणींतून दरडीचा दगडन् दगड मोजतां येत होता. परंतु बिळाशीं कसलीच हालचाल नव्हती. सूर्य मावळला, आणि नेमक्या त्याच वेळीं दरडीखालीं कांहीं तरी हललें. मीं दुर्बीण डोळ्यांस लावली तों आंत सारा काळोख ! नुसत्या डोळ्यांनीं जो आकार दिसत होता, तोही दुर्बिणींत विरघळून गेल्यासारखा वाटला. मला राहवेना. वांकून, दबकत मी शंभर-दीडशें पावलें पुढें गेलों. लांडगीनें मान वर केली, क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि ती निघून गेली. मागून आबांचा आवाज आला, "आता ती हितं राहायची न्हाई. रातीतच पिल्लं तोंडात धरून हलवंल बघा." दुसऱ्या दिवशीं बीळ रिकामें होतें. पिल्लें कोठें गेलीं, जगलीं कीं नाहीं, तें कोणासही कळलें नाहीं.

घरीं परत आल्यावर मीं प्रथमच दुर्बिणीवर कोरलेले आंकडे लक्षपूर्वक पाहिले. तेथें ८×२५ असें लिहिलेलें होतें. ह्या दोन आंकड्यांत माझ्या फजितीचें सारें कारण भरलेलें होतें.

पहिला आंकडा वर्धनाचा. आठपट वर्धनाच्या दुर्बिणींतून ४०० मीटरांवरचा प्राणी ५० मीटरांवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आंकडा पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. दुसऱ्या आंकड्यास पहिल्यानें भागलें म्हणजे मागच्या भिंगांतून डोळ्याकडे येणारी प्रकाशाची शलाका किती जाड आहे तें कळतें. ८×२५ मध्यें ती ३ मिलिमीटरांहून किंचित् अधिक, ८×४२ मध्यें सव्वापांच आणि ७×५० मध्यें सुमारें ७ मिलिमीटर असते. दुर्बीण हात लांब करून आकाशाकडे धरा; मागच्या भिंगांत एक उजळ वाटोळी टिकली दिसेल. तीच ही शलाका. मात्र हा प्रयोग करतांना, किंवा केव्हांही, दुर्बीण सूर्याकडे वळवूं नये. क्षणार्धांत दृष्टि कायमची जाऊं शकते.

आतां आपल्या डोळ्याचा विचार करूं. भर उन्हांत डोळ्याची बाहुली आकुंचन पावून दोन-तीन मिलिमीटरांची होते. त्या वेळीं शलाका तीनची असो वा सातची, आंत जावयाचा तेवढाच प्रकाश जातो. अरुंद तोंडाच्या तांब्यांत घागरीनें पाणी ओतलें काय किंवा हंड्यानें ओतलें काय, सारखेंच. म्हणून दुपारीं लहान आणि मोठ्या दुर्बिणींतून पाहिलेलें चित्र जवळजवळ सारख्याच उजेडाचें दिसतें, आणि दुकानांत दिव्यांच्या लखलखाटांत दुर्बीण पारखणारा गिऱ्हाईक येथेंच फसतो.

संधिप्रकाशांत हा हिशेब पालटतो. बाहुली हळूहळू पसरते. तरुण माणसाची ती ७ मिलिमीटरांपर्यंत जाते. पन्नाशी उलटलेल्या पुष्कळांची पांचाच्या आसपास थांबते. आतां तांब्याचें तोंड रुंद झालें आहे, पण लहान दुर्बिणीची धार तीच बारीक राहिली आहे. वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें हा शाळेंतील नियम येथें उपयोगीं पडतो. २५ चा वर्ग ६२५ आणि ४२ चा वर्ग १७६४. म्हणजे सारखेंच वर्धन असतां ४२ मिलिमीटरांचें भिंग जवळजवळ पावणेतीनपट प्रकाश गोळा करतें. आमच्या माळावर सूर्यास्तानंतरचा उजेड जेमतेम २०-२५ मिनिटें टिकतो, आणि लांडगा, खोकड, तरस हे सारे त्याच सुमारास बाहेर पडतात. पहांटेचीही तीच गत. माझी दुर्बीण दिवसभर उत्तम चालत होती आणि जेव्हां खरी गरज पडली तेव्हांच आंधळी झाली, याचें कारण हें.

मग सर्वांत मोठी दुर्बीण घ्यावी काय ? तसेंही नाहीं. ७×५० ची सात मिलिमीटरांची शलाका ज्याची बाहुली पांचावरच थांबते त्याच्या डोळ्याबाहेर वाया जाते. त्या गृहस्थानें भार मात्र फुकट वाहिला असें होतें. वर्धन वाढविण्याचाही मोह आवरावा. दसपट वर्धनांत हाताचा कंपही दसपट होतो, दिसणारा टापू आकुंचित होतो आणि धांवता प्राणी सांपडेनासा होतो. १०×२५ मध्यें तर शलाका अडीच मिलिमीटरांवर येते. दुपारच्या तापलेल्या मुरमावर हवाच थरथरत असते. तेथें कितीही वर्धन वाढविलें तरी ती थरथरच मोठी दिसावयाची.

भिंगाच्या आकाराइतकीच त्याची जातही पाहावी. १६०९ सालीं गॅलिलिओनें आकाशाकडे वळविलेल्या दुर्बिणीच्या धर्तीवर पूर्वीच्या नाटकगृहांतील व सैनिकांच्या जोडदुर्बिणी बनत. त्यांचें वर्धन तिपटी-पांचपटीच्या पुढें फारसें जात नसे. इटलींतील पोरो यानें १८५४ सालीं लोलकांच्या साहाय्यानें उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ति काढली, आणि १८९४ मध्यें जर्मनींतील झाइस कारखान्यानें आबे या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखालीं तशा जोडदुर्बिणी बाजारांत आणल्या. आजच्या दुर्बिणींचा वंश तेथून सुरू होतो. परंतु लोलक आले तसे कांचेचे पृष्ठभागही वाढले. प्रत्येक उघडा पृष्ठभाग शेंकडा चार-पांच भाग प्रकाश परत फिरवितो. असे दहा पृष्ठभाग असले तर तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक प्रकाश वाटेंतच हरवतो. १९३५ सालीं झाइसमधील स्माकुला यानें भिंगांवर अतिशय पातळ लेप देऊन हा नाश थांबविण्याचा उपाय शोधला. हा लेप ओळखणें सोपें आहे. पुढच्या भिंगांत दिव्याचें प्रतिबिंब पाहा. तें पांढरें व ठळक दिसलें तर लेप नाहीं. मंद हिरवट किंवा जांभळट दिसलें तर लेप आहे. लेपाविना मोठें भिंग विकत घेणें म्हणजे गळक्या घागरीनें पाणी भरणें होय.

लहान दुर्बिणीची बाजूही न्यायानें मांडली पाहिजे. तिचें वजन साधारणपणें २५० ते ३५० ग्रॅम भरतें, तर ८×४२ चें ६५० ते ८५० ग्रॅम. डोंगर चढतांना, मुलाच्या हातीं देतांना किंवा मानेच्या दुखण्यानें बेजार झालेल्या वडील माणसास हा फरक लहान नव्हे. भिगवणला उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यांतील लख्ख सकाळीं रोहित पक्ष्यांचे थवे पाहावयाचे असतील तर लहान दुर्बीण मुळींच कमी पडत नाहीं. होडी हलत असतां वर्धन बेतांत असणेंच बरें. शिवाय जड म्हणून कपाटांतच राहिलेली मोठी दुर्बीण कोणासही कांहीं दाखवीत नाहीं.

तेव्हां माझा सल्ला असा. पहांटे आणि सांजवेळीं माळावर जाणाऱ्यानें ८×४२ घ्यावी. उन्हांतील पक्षी आणि प्रवास एवढेंच ज्याचें क्षेत्र आहे त्याला ८×२५ पुरे. घरांत एकच दुर्बीण राहणार असेल तर ८×३२ हा मध्यम मार्ग आहे. तिची शलाका ४ मिलिमीटरांची, आणि भार दोहोंच्या मधला. चष्मा वापरणाऱ्यानें डोळा मागच्या भिंगापासून १५ मिलिमीटर किंवा अधिक दूर ठेवूनही पुरा देखावा दिसतो कीं नाहीं तें पाहावें. दुर्बीण हातीं आल्यावर प्रथम तिच्या दोन नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतराइतक्या जुळवाव्या. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकानें डाव्या डोळ्याचें चित्र स्पष्ट करावें, आणि नंतर डावा मिटून उजव्या बाजूचें कडें फिरवावें. कोपर गुडघ्यांवर टेकले कीं मोठी दुर्बीणही स्थिर राहते.

आणि शेवटचें मोजमाप कोणत्याही दुर्बिणीवर कोरलेलें नसतें. प्राण्यानें चरणें किंवा खेळणें सोडून तुमच्याकडे पाहिलें कीं समजावें, आपण फार जवळ आलों. तेथून मागें फिरावें.

पुढच्या हिवाळ्यांत मी ८×४२ घेऊन पुन्हां आबांकडे गेलों. लांडगीनें त्या ओढ्यापासून बरीच दूर, दुसऱ्या दरडींत बिऱ्हाड केलें होतें. ती तीच लांडगी होती कीं दुसरी, हें सांगणारा कोणी नाहीं. आम्ही पहिल्यापेक्षांही लांब बसलों. सूर्य बुडाला, कारखान्यांचे दिवे लागले, आणि त्या धूसर उजेडांत एकामागून एक तीन पिल्लें बाहेर आलीं व एकमेकांच्या शेंपट्या ओढूं लागलीं. मीं दुर्बीण आबांपुढें केली. त्यांनीं ती बराच वेळ डोळ्यांवरून काढली नाहीं. मग परत देत ते हळूच म्हणाले, "ह्याच्यात दिसतंय न्हवं ? मग आता जागचं हलू नका."

आम्ही हललों नाहीं. पुरा अंधार झाल्यावर तेथून उठून आलों, तेव्हां पिल्लें अजून खेळतच होतीं.