गणित सोडलं, की विमान सुटलं

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रात घरोघरी एकच खल सुरू होतो: अकरावीला गणित ठेवायचं की जीवशास्त्र? डॉक्टरकीवर नजर असलेली बरीच मुलं इथेच गणिताला रामराम ठोकतात. त्यांतल्या एखाद्याला पुढे हवाई दलाचं वेड लागतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. हवाई दलाला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच. पदवीनंतर हवाई दलाची एएफकॅट ही प्रवेश परीक्षा देणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. वैमानिक व्हायचं तर बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित या दोन्ही विषयांत किमान 50 टक्के गुण लागतात.

हा आग्रह उगाच नाही.

उंची कायम राखून 60 अंश कलत वळणाऱ्या विमानाचं उदाहरण घ्या. त्याच्यावरचा भार 1 भागिले कोसाइन 60, म्हणजे थेट दुप्पट होतो. 65 किलोच्या वैमानिकाला आपलं वजन 130 किलो असल्यासारखं वाटतं, हात उचलणंही जड जातं. विमान तोलून धरायला लागणारा किमान वेग भाराच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे 1.41 पट वाढतो. सरळ उडताना ताशी 150 किलोमीटरपर्यंत तग धरणारं विमान या वळणात 212च्या खाली आलं की पंखांची उचल ढासळते. जमिनीजवळ ही चूक जिवावर बेतते.

दिशेचा हिशेबही असाच. एक अंश चुकलं तर 60 किलोमीटरनंतर विमान सुमारे एक किलोमीटर बाजूला गेलेलं असतं. 30 किलोमीटरमध्ये दोन किलोमीटर भरकटलं, तर चूक चार अंशांची, हे वैमानिक मनातल्या मनात काढतो. एक रेडियन म्हणजे सुमारे 57.3 अंश, हे ज्याला अकरावीत नीट समजलं, त्याला हा ठोकताळा पाठ करावा लागत नाही.

एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. गणिताचा पेपर 300 गुणांचा: अडीच तासांत 120 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिट, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश वजा. दुसरा पेपर 600 गुणांचा, त्यात 200 गुण इंग्रजीचे. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते, मराठीत नाही. त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांनी संज्ञांची ओळख आठवी-नववीपासूनच करून घ्यावी. पुढे सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची, मुलाखत पुन्हा 900 गुणांची, जवळपास पाच दिवस चालणारी.

वैमानिकांसाठी आणखी एक चाळणी असते, सीपीएसएस ही संगणकावरची निवड चाचणी. पडद्यावरच्या तबकड्या वाचून विमान चढतंय की उतरतंय, कुठे कललंय, हे झटपट सांगायचं आणि हातापायांचा मेळ यंत्रावर दाखवायचा. इथे नापास झालेल्याला वैमानिक होण्यासाठी दुसरी संधी मिळत नाही. वैद्यकीय तपासणीत उंची किमान 162.5 सेंटीमीटर लागते. पायांची लांबी आणि बसल्यावरची उंचीही मोजली जाते, कारण कॉकपिट माणसाच्या मापाने बदलत नाही.

तयारीसाठी राज्याने मोठी सोय केली आहे. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था 1977पासून दहावीनंतरच्या मुलांना प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीतून निवडते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021च्या आदेशानंतर एनडीएचं दार मुलींनाही उघडलं. त्यांच्यासाठी अशीच संस्था आता नाशिकला आहे. साताऱ्याची सैनिक शाळा तर 1961पासून आहे. तरीही ग्रामीण भागातल्या हुशार मुलांपर्यंत या संस्थांची नावं पोहोचत नाहीत, ही खरी खंत आहे.

घरात नववी-दहावीचं मूल आभाळाकडे बघत असेल, तर पालकांनी एवढं करावं: डोळे आणि रंग ओळखण्याची क्षमता आत्ताच तपासून घ्यावी, आणि अकरावीला गणित सोडू देऊ नये.