धाराशिव जिल्ह्यातील सोयाबीन शेती

सोयाबीन हे महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यातील खरीप हंगामाचे प्रमुख नगदी पीक आहे. त्याच्या दाण्यात सुमारे १८ ते २० टक्के तेल व ४० टक्के प्रथिने असतात. तेल काढल्यावर उरणारी पेंड कुक्कुटखाद्य व पशुखाद्यात वापरली जाते. येथील बहुतांश सोयाबीन कोरडवाहू असल्यामुळे नफा केवळ उत्पादनावर नव्हे, तर खर्च आणि पावसाची जोखीम कमी करण्यावर अवलंबून असतो.

हवामान व जमीन

बालाघाटच्या डोंगररांगा आणि मांजरा, तेरणा व सीना या नद्यांच्या खोऱ्यांत जिल्हा विभागलेला आहे. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात व असमान पडतो. ऑगस्टमध्ये पावसाने खंड दिल्यास फुले गळतात व दाणे बारीक राहतात. काढणीच्या तोंडावर अतिवृष्टी झाल्यास शेंगांतच दाण्यांना कोंब फुटतात. सप्टेंबर २०२५ मधील पुरात परंडा, भूम, वाशी आदी तालुक्यांतील पिकांचे मोठे नुकसान झाले. मध्यम ते भारी, परंतु पाण्याचा निचरा होणारी जमीन या पिकास मानवते.

पेरणी

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वापसा येताच पेरणी करतात. दोन ओळींत ४५ व दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवले जाते. बी ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल गेल्यास उगवण घटते. रुंद वरंबा सरी पद्धतीत वरंब्यावर पेरणी होते. खंडाच्या काळात ओल टिकते आणि अतिपावसात जादा पाणी सरीवाटे निघून जाते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून या पद्धतीचा प्रसार करण्यात आला.

बियाणे व खते

सोयाबीन स्वपरागसिंचित असल्याने सरळ वाणाचे घरचे बियाणे वापरता येते व दरवर्षीचा मोठा खर्च वाचतो. मात्र बियाण्याचे आवरण नाजूक असते; मळणीयंत्राचा वेग जास्त असल्यास किंवा पोती आदळल्यास उगवणशक्ती कमी होते. म्हणून पेरणीपूर्वी १०० दाण्यांची उगवण तपासतात; किमान ७० दाणे उगवणे अपेक्षित असते. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-१६२ व एमएयूएस-६१२ हे वाण विकसित केले आहेत. बियाण्यास रायझोबियम जिवाणू चोळल्यास मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात. त्यामुळे नत्रयुक्त खत कमी लागते.

पीकपद्धती व कीड

सलग सोयाबीनऐवजी चार ओळी सोयाबीन व दोन ओळी तूर असे आंतरपीक घेतल्यास एक पीक हातचे गेले तरी दुसऱ्याचा आधार राहतो. तुरीची मुळे खोल जात असल्याने ती उशिरापर्यंत जमिनीतील ओलावा वापरू शकते. सोयाबीननंतर रब्बीत हरभरा, ज्वारी किंवा करडई घेतली जाते. एकाच शेतात वर्षानुवर्षे सोयाबीन घेतल्यास खोडमाशी, चक्रीभुंगा व मुळांच्या रोगांचा उपद्रव वाढतो. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. रोगट झाडे सुरुवातीलाच उपटून नष्ट करणे हा त्यावरील स्वस्त उपाय आहे.

विक्री व अर्थकारण

दरातील चढउतार ही मोठी अडचण आहे. २०२१ मध्ये मराठवाड्यातील बाजारांत दर क्विंटलमागे १०,००० रुपयांपर्यंत पोहोचले होते. २०२४ च्या हंगामात मात्र ते ४,८९२ रुपये या हमीभावाखाली राहिले. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये होता. हमीभाव खरेदीत सामान्यतः १२ टक्क्यांपर्यंत ओलावा ग्राह्य धरला जात असल्याने माल वाळवून, स्वच्छ करून नेणे आवश्यक ठरते. काढणीच्या वेळी आवक वाढून दर पडतात. अशा वेळी बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून शेतमाल तारण योजनेतून कर्ज घेता येते व विक्री काही महिने पुढे ढकलता येते.